मारुतीचं वळण

"...पहिला आलो मी, आणि गाडी तिला? बुवा, हा कुठला न्याय?"

विक्रांत सांगळेनं हे दारातूनच विचारलं. पायातल्या चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

थेटेबुवा खाटेवर मांडी घालून बसले होते. मांडीवर एक छोटी निळी डबी होती, आणि तिच्या झाकणावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"उत्तर द्या ना!"

"आधी चपला काढ," बुवा म्हणाले.

विक्रांतनं चपला काढल्या. काढल्या म्हणजे भिरकावल्या. एक दाराबाहेर पडली, दुसरी पाठमोऱ्या बसलेल्या कावेरीच्या खुर्चीखाली गेली. कावेरीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

जागा म्हणजे गिरणाऱ्याजवळची एक जुनी कांदाचाळ. कांदे कधीच गेले, वास तेवढा राहिला. चाळीच्या फटींतून वारा खेळता राहतो, म्हणून बुवांनी तिथे चार संगणक मांडले होते. प्रत्येकासमोर गाडीचं चाक, खाली पेडलं, आणि एका मोडीत निघालेल्या जीपची सीट. संगणकावर रॅलीचे गेम खेळत खेळत इथे पोरं घाटातली गाडी शिकायची.

थेटे काही खरे बुवा नव्हेत. गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. उमेदीत ते रॅलीतले नॅव्हिगेटर होते. रॅलीत गाडी चालवणारा एक आणि शेजारी बसून पुढची वाट वाचून दाखवणारा दुसरा. चढापलीकडे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. वाचणारा सांगतो, "डावं दोन," आणि चालवणारा तेवढ्यावर गाडी झोकून देतो. आकडा जितका लहान, तितकं वळण आवळ. एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरायचं आणि सहा म्हणजे पाय न काढता सुटायचं. साठ, ऐंशी असे मोठे आकडे म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, मीटरांत.

जन्मभर धावत्या गाडीत घसा फोडून बोलल्यामुळे असेल, पण थांबलेल्या जागी थेटे फारसे बोलतच नसत. विचारलं तर एक वाक्य, पुन्हा विचारलं तर अर्धं. म्हणून पोरांनी त्यांना बुवा केलं होतं.

आता यंदाची गोष्ट अशी होती की बुवांच्या एका जुन्या स्नेह्यानं खरी गाडी देऊ केली होती. डिसेंबरात पेठच्या बाजूच्या घाटात रॅली. शेजारी वाचायला खुद्द बुवा बसणार. चालवणार मात्र या चाळीतलं कुणीतरी. कोण, ते बुवा ठरवणार.

आणि बुवांनी ठरवलं होतं... कावेरी गांगुर्डे.

"सगळ्यांत कमी वेळ कुणाचा?" विक्रांतनं विचारलं.

"तुझा."

"कालच्या चाचणीत दरीत कोण गेलं?"

"कावेरी."

"म्हणजे जी दरीत गेली, तिला तुम्ही खऱ्या घाटात गाडी देणार?"

"हो."

"का?"

बुवांनी डबी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. तेवढंच.

विक्रांतच्या अंगाची लाही लाही झाली. होणारच. माणूस चिडला असताना समोरच्यानं ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान चहा तरी विचारावा. गप्प बसणाऱ्याशी भांडण म्हणजे भिंतीला धडका.

त्याच्या संतापाला कारणही तसंच होतं. सिन्नरच्या स्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला होता.

झालं असं की काल विक्रांतचा वेळ पोरांनी फोनवर पाहिला आणि मित्रमंडळाला राहवलं नाही. निवड कुणाची होतेय याची वाट कोण बघणार? संध्याकाळच्या आत आठ बाय दहाचा फ्लेक्स उभा. काळा गॉगल, मागे धूळ उडवणारी लाल गाडी, आणि वर ठळक अक्षरांत: "रॅलीपटू विक्रांतदादा सांगळे यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांची ही एवढी रांग. त्यातल्या निम्म्यांना रॅली म्हणजे मोर्चा एवढंच ठाऊक होतं.

तो फ्लेक्स सकाळी विक्रांतच्या वडिलांनी पाहिला.

वडील एसटीचे चालक. सारी हयात त्यांनी लाल गाडी कसारा घाटातून वरखाली केली होती. मुलगा घरात चाक लावून बसला की ते दारातून म्हणायचे, "बुडाखाली हलत नाही ती गाडी कसली?" त्यावर आई हसायची, बहीण हसायची, आणि विक्रांत कानांवर हेडफोन ओढून घ्यायचा.

आज सकाळी तेच वडील फ्लेक्सखाली उभे राहिले. मग समोरच्या दुकानातून त्यांनी पेढे घेतले आणि डेपोत वाटले.

विक्रांतला कावेरीच्या निवडीचा निरोप मिळाला तो त्यानंतर.

"तुम्हाला कल्पना आहे का, बुवा," त्याचा आवाज चिरकला, "माझ्या बापानं पहिल्यांदा... पहिल्यांदा माझ्यासाठी पेढे वाटले. आता मी घरी जाऊन काय सांगू? पेढे परत मागा म्हणू?"

बुवांचा अंगठा थांबला.

"खेळ माझ्याइतका कुणाला कळतो इथे? सांगा ना!"

"खेळ तुला कळतो," बुवा म्हणाले. "कुणालाच एवढा कळत नाही."

हे बुवा खरंच बोलत होते, आणि त्यामुळे विक्रांत जास्तच भडकला.

हल्लीच्या पोरांना कशाचीही क्रमवारी लावल्याशिवाय घास गोड लागत नाही. पहिली मिसळ कुठली, पहिला किल्ला कुठला, सगळ्याला नंबर. विक्रांतनं संगणकावरच्या रॅली गेमांना नंबर दिले होते. त्याचा तो व्हिडिओ दूरदूरची माणसं बघायची आणि त्याखाली आपसांत भांडायची. गेमांची खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून चाळीतल्या पोरांनी त्यांचं बारसं केलं होतं.

एक होती सासू. जुनी, दिसायला साधी, पण एक चूक झाली की गाडी कलंडलीच. दुसरी मावशी. तुम्ही झाडावर आपटा, ती अलगद कडेवर घेऊन पुन्हा रस्त्यावर ठेवायची. तिसरी नवरी. तिच्यात काचेवरचा थेंब न् थेंब दिसे, फक्त तिचा थाट सांभाळताना संगणकाला धाप लागे. आणि चौथी भातुकली. तिच्यात सगळं वरून दिसायचं, गाड्या काडेपेटीएवढ्या. पाहुण्यांच्या पोरांना बसवायला बरी.

व्हिडिओ करण्याआधी विक्रांत बुवांकडे आला होता.

"बुवा, सगळ्यांत चांगला गेम कुठला? तुम्ही पहिला नंबर कुणाला द्याल?"

"तू कुणाला दिलास?"

"सासूला. सासू माफ करत नाही."

"तिच्यात... पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण आहे?"

"आहे की. ते सगळ्यांतच असतं."

"मग ती सासू कसली रे?" बुवा म्हणाले होते.

चाळ हसून हसून लोळली होती. विक्रांतला ते लागलं होतं. त्यानं पहिला नंबर सासूलाच दिला, आणि बुवांचं नाव व्हिडिओत घ्यायचं नाही असं ठरवलं. ते आज त्याला आठवलं आणि वाटलं, त्याचाच हा सूड असणार.

"रेकॉर्डिंग लावा," तो म्हणाला.

"कसलं?"

"कालच्या चाचणीचं. सगळ्यांसमोर लावा. एकदा दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे."

"नको," बुवा म्हणाले.

"का? भीती वाटते?"

"हो."

बुवांनी इतक्या साधेपणानं हो म्हटलं की विक्रांत क्षणभर गडबडला. पण रागाला एकदा उतार लागला की ब्रेक कोण लावतं? त्यानं स्वतःच संगणक चालू केला. चाळीतली उरलेली दोघं-तिघं पोरं उठून मागे येऊन उभी राहिली. कावेरी उठली नाही. तिनं खुर्ची तेवढी फिरवली.

चाचणी सासूमधल्या एका डोंगरी वाटेवर होती. वाट परदेशातली, पण पोरांच्या पायांखालची. तिच्यात एका चढानंतर डावं वळण होतं आणि वळणावर एक तांबडा धोंडा. पोरांनी त्याला मारुती म्हणायला सुरुवात केली होती. मारुतीच्या डावीकडे रस्ता, उजवीकडे दरी. वळणाचा आकडा दोन. चढ चढताना मारुती दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

चाचणीपुरता गेममधला यांत्रिक आवाज बुवांनी बंद केला होता. एकेकाला आत घेऊन, बाकीच्यांना बाहेर थांबवून, ते शेजारी बसून स्वतः वाचत होते. हेडफोनातून त्यांचाच आवाज.

पडद्यावर विक्रांतची गाडी सुटली.

"उजवं चार... साठ... डावं तीन, आवळत जाणारं... पूल, सरळ..."

बुवांचा आवाज संथ होता. विक्रांत छाती काढून उभा राहिला.

"बघा. इथे सगळे ब्रेक लावतात. मी नाही लावत." तो बोट दाखवून सांगू लागला. "इथे बघा आता. चाक आधीच वळवलंय. पाठ आहे मला वाट, बुवा. झोपेत उठवा, सांगतो."

"डावं चार... ऐंशी... उजवं पाच..."

गाडी खरोखर देखणी जात होती. खोटं कशाला बोला, तसं चाक त्या चाळीत दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं.

चढ आला.

"शंभर... चढ..." बुवांचा आवाज म्हणाला. मग त्याच लयीत, एक सूर न बदलता, "आज घरी मेथीची भाजी होती... मीठ जरा कमी..."

मागच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"...भाकरी कडक... ताक बरं होतं... डावीकडे कुणी बसलंय का रे, विक्रांत?... हिरवी मिरची..."

पडद्यावरची गाडी मारुतीला घासून सुरेख वळली. पुढच्या उतारावर सुसाट सुटली. बुवांचा आवाज ठेच्यावर आला, ठेच्यावरून लोणच्यावर, आणि मग सावकाश पुन्हा वळणांवर.

कावेरी फस्सकन हसली. मग बाकीची पोरं. एक तर भुईलाच बसला.

विक्रांतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं रेकॉर्डिंग मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. मेथीची भाजी. मीठ जरा कमी. काल हे सगळं त्याच्या कानात वाजलं होतं. आणि त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

"ही थट्टा आहे," तो म्हणाला. "चाचणीत थट्टा करता तुम्ही?"

"थट्टा नाही. मी 'उजवं' म्हणायच्या आधीच तू वळत होतास. प्रत्येक वेळी. मग मला वाटलं... बघावं, कुणी ऐकतंय का."

"नाही ऐकलं! बरं मग?" विक्रांत आता पुरता पेटला होता. "नाही ऐकलं म्हणून काय बिघडलं? मेथीच्या भाजीवर चालवली, तरी गाडी दरीत गेली का? नाही ना? सगळ्यांत कमी वेळात आली ना? उलट याचं बक्षीस द्यायला पाहिजे तुम्ही!"

"खरंय."

"मग मला नॅव्हिगेटर लागतोच कशाला?"

"तुला लागत नाही."

"रॅलीतसुद्धा शेजारी सिमेंटचं पोतं ठेवा, मी आणून दाखवतो पहिला नंबर!"

"पोतं चालत नाही," बुवा म्हणाले. "नियमात माणूस लागतो."

पुन्हा हशा पिकला. पण बुवा हसत नव्हते, आणि हे विक्रांतच्या लक्षात आलं. त्याला ते आवडलं नाही.

"आता हिचं लावा," तो कावेरीकडे बोट करून म्हणाला. "माझी शोभा झाली. हिचीही होऊ दे. दरीत कशी जातात ते दिसू दे सगळ्यांना."

दरीत गेलेल्याचं रेकॉर्डिंग चाळीत कुणी कुणाचं लावत नसे. तसा नियम नव्हता, पण रीत होती.

कावेरी बुवांकडे पाहू लागली. बुवा खाटेवरून उतरले, संगणकाशी आले, आणि त्यांनी स्वतः ते लावलं.

कावेरीची गाडी. विक्रांतच्या मानानं जरा सावकाश. पण एक गोष्ट पोरांच्या ध्यानात आली. बुवांचा शब्द सुटला की गाडी हले. आधी नाही, नंतर नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवला की तो जसा हलतो, तशी.

"डावं चार... ऐंशी... उजवं पाच..."

चढ आला.

"शंभर... चढ... डावं पाच, मोकळं."

विक्रांतनं झटकन मान वळवली.

पडद्यावरच्या गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. ती चढावरून उडाली. तांबडा मारुती डोळ्यांसमोर आला आणि डावीकडे निघून गेला. मग आभाळ, खडक, आभाळ... आणि काळोख.

रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यात कावेरीचा आवाज आला, धाप लागलेला.

"बुवा! काय वाचलंत हे? दोन आहे ते, दोन! खरी गाडी असती तर? आपण दोघं आत्ता कुठे असतो?"

खरखरीतून बुवांचा आवाज, अगदी बारीक.

"...चुकलो."

बुवांनी संगणक बंद केला.

कालपासून सगळे समजत होते की कावेरीचं चाक सुटलं. तिनंही कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही चुकीचं वाचलंत," विक्रांत म्हणाला.

"हो."

"मुद्दाम? तिची परीक्षा घ्यायला?"

"नाही. आकडा दिसला नाही."

इथे दुसरा कुणी असता तर विरघळला असता. विक्रांत विरघळला नाही. अन्याय झालेल्या माणसाला नवा पुरावा सापडला की तो आधी तो उचलतो, दया मागाहून.

"मग तर सगळं उघडंच झालं! चूक तुमची, खड्ड्यात ती गेली, आणि भरपाई माझ्या वाट्यातून? तिला गप्प करायला गाडी दिलीत तुम्ही!"

"तोंड सांभाळून बोल, विक्रांतदादा," कावेरी म्हणाली. ती आता उभी राहिली होती.

"का सांभाळू? तुला ती वाट पाठ नव्हती? चाळीतल्या कुत्र्यालासुद्धा मारुती ठाऊक आहे. दोन आहे हे माहीत असताना पाचच्या वेगानं गेलीस? डोळे होते ना तुला?"

"माहीत होतं."

"मग?"

"मग काय? बुवा पाच म्हणाले." तिनं केस मागे सारले. "मला वाटलं, यांनी वाट बदलली असेल. आपण गेममध्ये घोकतो तीच वाट खऱ्या घाटात राहते का? आपल्या पुढे वीस गाड्या जाऊन आलेल्या असतात. दगड वर आलेला असतो, कड ढासळलेली असते. तिथे मला जे पाठ असेल ते चालवू, की शेजारचा सांगेल ते?"

"शेजारचा चुकला तर?"

"तर शेजारच्याला फाडून खायचं. मी खाल्लं." तिनं बुवांकडे हात केला. "विचार त्यांना. काल तुम्ही सगळे गेल्यावर मी यांना काय काय बोलले ते विचार. मी सांगितलं, डोळे तपासून आल्याशिवाय मी तुमच्या शेजारी बसणार नाही, आणि ही खरी गाडीही नको मला."

पोरांनी माना खाली घातल्या. बुवांना चष्मा लावा म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. बुवा हातभर लांब कागद धरून वाचायचे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण नॅव्हिगेटरचे डोळे हा बुवांचा शेवटचा गड होता. त्यावर बोट कोण ठेवणार?

विक्रांतनंही ते पाहिलं होतं. कितीदा तरी पाहिलं होतं. त्याला कधी काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. वाटायचं कारणही नव्हतं... बुवा काय वाचतात याच्याशी त्याचा संबंधच कुठे होता?

हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला तो मुळीच आवडला नाही. त्यानं तो रागानं बाजूला सारला. तो पुन्हा आला.

चाळीच्या फटींतून वारा आला. कांद्याचा जुना वास आला. रस्त्यावरून टोमॅटोचा एक पिकअप गेला.

"ठीक आहे," विक्रांत म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण धार गेली नव्हती. "मी नाही ऐकलं. कबूल. पण मी वाचलो, बुवा. ती मेली. गेममध्ये का होईना, मेली. वाचला त्यानं स्टँडवर जाऊन स्वतःचा फ्लेक्स उतरवायचा, बापाच्या तोंडाकडे बघायचं... आणि मेली तिनं गाडी न्यायची. हे मला पटत नाही. मरेपर्यंत पटणार नाही."

बुवा खाटेवर जाऊन बसले.

"नको पटू दे," ते म्हणाले.

"मग निदान एवढं सांगा. तिनं असं काय केलं, जे मी केलं नाही?"

बुवांनी मांडीवरची निळी डबी उघडली. आत जाड काचांचा, आजच करून आणलेला नवाकोरा चष्मा होता. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. मग दोन्ही हातांनी नाकावर चढवला. सवय नव्हती, तो घसरला. त्यांनी तो बोटानं वर केला आणि विक्रांतकडे नीट पाहिलं. कदाचित पहिल्यांदाच इतकं नीट.

"ती माझ्या शब्दावर दरीत गेली," बुवा म्हणाले. "आता मला चुकायची सोय राहिली नाही."